हिरवं कार्ड आणि हौसाचं लुगडं

हौसानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझं वजन.

करायचं होतं खरं बॅगेचं. चार दिवसांनी अमेरिकेला, पोरीकडं परत जायचं होतं आणि विमानात तेवीस किलोच्या वर एक मिरची चढू देत नाहीत. बॅग काट्यावर नीट बसेना, म्हणून बॅग कडेवर घेऊन मी उभं राहायचं आणि मागनं माझं वजन वजा करायचं, अशी युक्ती काढली. (युक्ती माझी. शिक्षण चौथी.) हौसानं वाकून आकडा वाचला.

"अवो, बॅग बरोबर हाय! तुमीच चार किलो जास्त भरालायसा!"

"मग काय करायचं म्हणतीस?"

"तुमास्नी हितंच ठेवूया. तेवढीच चटणी जास्त जाईल की!"

हसत हसत भाकरी टाकायला आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. काही त्रास झाला नसणार म्हणाले. तिला.

आता कार्डाचं सांगतो. पोरीनं, म्हणजे नंदानं, आम्हा दोघांना तिकडं कायमचं राहायचं ग्रीन कार्ड काढून दिलेलं. पण कायमचं म्हणजे सरकारी कायमचं! वर्षभर बाहेर राहिलं की त्याच्यावर परत आत घेत नाहीत. आमच्या गल्लीत पिवळं, केशरी आणि पांढरं रेशन कार्ड ठाऊक. शेजारच्या मालूनं तर मला विचारलं, "आबा, हिरव्यावर तांदूळ किती मिळतोय?"

तीन महिन्यांसाठी आलेला मी, साडेदहा झाले तरी इथंच. नंदाचा रोज फोन.

"आबा, तिकीट काढू?"

"म्हैस हाय."

म्हैस हौसाची. अमेरिकेतलं डब्यातलं दूध तिला पाण्यासारखं लागायचं, म्हणून गावी आल्यावर आठव्या दिवशी म्हैस घेतली. "जाताना मालूला देऊया की!" नाव ठेवलं चिमणी. (चिमणी आत शिरली की गोठ्याची चौकट हलते.) तिचं रेडकू मेलेलं, त्यामुळं सगळा जीव हौसावर. दुसऱ्या कुणाला पान्हाच सोडायची नाही. हौसा गेल्यावर मालू धारेला बसली, तिला एक लाथ. मालूचा नवरा बसला, त्याला दोन. मी बसलो तर शिंगावर घ्यायला बघितलं! कास तटतटलेली, जनावर ओरडून बेजार.

शेवटी मी ट्रंक उघडली. हौसाचं इरकली लुगडं काढून नेसलं, पदर डोक्यावर घेतला आणि बसलो. चिमणीनं हुंगलं. एकदा, दोनदा. आणि भळाभळा दूध सोडलं. (माझ्या डोळ्यांतनंही काही कमी आलं नाही, पण ते डेअरीला घेत नाहीत.)

पुढं पुढं तिचे नखरे वाढले. बांगड्यांचा आवाज पाहिजे! हौसाच्या बांगड्या माझ्या मनगटात जाईनात, म्हणून दोऱ्यात ओवून बांधल्या. तोंड मात्र उघडायचं नाही. बाप्याचा आवाज आला की पान्हा चोरलाच.

इकडं नंदानं तिथला वकील गाठला. "आबा, सांजचं सातला वकील व्हिडिओवर येणार हाय. पांढरा शर्ट घाला, खुर्चीवर बसा आणि म्हशीचं नाव काढू नका!"

फोन वाजला सहालाच. तिकडं उन्हाळा आला की घड्याळ तासभर पुढं सरकवतात (माणसं शिकली की असं करतात), आणि नंदा ते विसरली. मी नेमका धारेत! फोन वैरणीच्या पाटीला टेकवून ठेवलेला. कोपरानं बटण दाबलं आणि पाठ करून परत धार धरली.

"हॅलो? कोण हाय? बाई, आबा कुठायत?"

बोललो तर दूध गेलं. मी नुसता हात हलवला, थांब म्हणून. बांगड्या वाजल्या.

"मालू? न्हाय... मालू एवढी रुंद न्हाय."

वकील इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. त्यातलं 'वाइफ' तेवढं मला कळलं.

मग नंदाचा आवाज एकदम बदलला. "बाई, ते आईचं लुगडं हाय. तुमाला कुणी दिलं?"

माझा हात थांबला.

"आबांनी दिलं व्हय? म्हैस म्हैस म्हणत हे चाललंय? वर्ष न्हाय झालं आईला, आणि दुसरी बाई आणून बसवली?"

मागं वळून बघतो तर वकील खाली मान घालून लिहीत सुटलेला! आता हे अमेरिकेच्या कागदावर चढणार!

"ए नंदे! मी हाय मी!"

पदर घसरला, मिशा बाहेर आल्या. चिमणीनं बाप्याचा आवाज ऐकला आणि चरवी अशी उडवली की सगळं दूध माझ्या डोक्यावर! चरवी गडगडत अंगणात.

मग नंदा हळूच म्हणाली, "आबा, आईचं लुगडं तुमास्नी आखूड होतंय."

आणि हसायला लागली. हसता हसता तोंडावर हात घेतला, तो मग बराच वेळ काढलाच नाही.

तिनं सगळं समजावून सांगितलं तेव्हा वकिलानं चष्मा काढला आणि काहीतरी विचारलं.

"आबा, वकील इचारत्यात, तुमाला यायचंय का?"

"म्हैस..."

"म्हशीचं न्हाय इचारलं त्यांनी! वर्ष भरायच्या आत आलासा तर विमानतळावर सांगता येतंय, आई गेल्याचा दाखला हाय. वर्ष उलटलं तर कार्डाचं काय खरं न्हाय. यायचं नसंल तर तसं सांगा, मी परत इचारणार न्हाय. हितं मला बी एकटीलाच आई आठवती, आबा."

"उद्या सांगतो," म्हटलं.

आता खरं ते सांगतो. लुगडं मालूला नेसवावं, हे पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात आलं होतं. तेवढं चौथीवाल्यालाही कळतं. पण ते दुसऱ्याच्या अंगावर गेलं की मी इथं कशाला थांबलोय, याला जवाब राहत नव्हता. दिवसातनं दोन वेळा हौसाचा वास अंगावर घेऊन बसायचं, ते पण बंद. म्हणून म्हैस म्हैस करत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं घेऊन मालूच्या दारात गेलो.

"नेस."

"आबा! काकींचं?"

"नेस म्हटलं की!"

मालू धारेला बसली. मी चार हात लांब उभा, लाथेची वाट बघत. (वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू?) चिमणीनं हुंगलं. एकदाच! आणि डोळे मिटून निवांत दूध सोडलं. मला तर दोनदा हुंगून घेतलं होतं! बरं झालं म्हणून पाठीवर थाप मारायला गेलो, तर माझ्याकडं कोण कुठला पावणा असं बघितलं आणि शिंग उगारलं.

तिथनंच नंदाला फोन लावला आणि तिकीट काढ म्हणालो. अमेरिका मला आत घेते का नाही, ते विमानतळावर कळेल. चिमणीनं माझं कार्ड त्याच सकाळी रद्द केलं!