गुरुवारची मोजणी

बातमी आली तेव्हा मी अकोल्यात चहाच्या टपरीवर बसून चिखलदऱ्याच्या अस्वलाला कॉफी पाजत होतो. म्हणजे गोष्टीत. अस्वलानं दुसरा कप मागितला होता, मंडळी पोट धरून हसत होती, आणि खिशातला फोन वाजला. अमरावतीहून माझी धाकटी बहीण मंगला. "दादा, हे गेले..." एवढंच म्हणाली. मी फोन खाली घेतला आणि समोरच्या चौघांना सांगितलं, "आमचे भाऊजी गेले." तर चौघंही हसले! "बापा, अस्वलानं पोट नाई भरलं का याचं? आता जवायालेच मारलं का बे?" असं म्हणून एकानं पाठीवर थापही मारली. त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षं मी कृषी केंद्रात बियाणं विकलं आणि बियाण्यापेक्षा बाता जास्त विकल्या. माझा चष्मा ओला झालेला दिसला तेव्हा कुठे एकजण खालच्या आवाजात म्हणाला, "खरंच का?" माझ्या गोष्टींना हे विचारणारा माणूस आयुष्यात एकच होता, आणि तोच गेला होता.

नामदेवराव भाऊजी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या गोष्टी. मी सांगायचो, आमच्या मामाच्या बागेत संत्र्याच्या एका झाडाला तीन ट्रक माल निघाला. बाकीचे 'वा वा' करायचे. भाऊजी खिशातून पेन काढायचे. "साळेसाहेब, एका ट्रकात संत्री किती मावते?" मी ठोकून द्यायचो काहीतरी. ते वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार मांडायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "मंग झाड दोनशे फूट उंच पाह्यजे. तोडाले विमान लावलं होतं का?" हसायचे मात्र नाहीत. डावी भुवई तेवढी वर जायची. त्या भुवईसाठी मी झाडं आणखी उंच करत गेलो, हे आज कबूल करतो.

माणूस किती सरळ? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पातूरकडच्या आमच्या शेताचा बांध शेजाऱ्यानं कोरला, असा माझ्या वडिलांचा दावा. जावईच मोजणीदार म्हटल्यावर कशाला कचेरीत जा? रोडगे-वांग्याचा बेत केला आणि जावयाला घरच्या घरी मोजायला बोलावलं. भाऊजींनी आधी दिवसभर उन्हात टेप ओढली, संध्याकाळी हातपाय धुतले आणि म्हणाले, "मामाजी, बांध सरकला हे खरं हाय. पन शेजाऱ्यानं नाई, तुमीच सरकवला. सव्वा हात." वडील दोन दिवाळ्या बोलले नाहीत. मंगला रडली, मी भाऊजींकडे मध्यस्थी करायला गेलो की सव्वाचा अर्धा हात करा, म्हाताऱ्याचं मन राहील. तर म्हणाले, "टेपले कुठी मालूम असते सासरा कोन अन् शेजारी कोन?" रोडगे थंड झाले. त्या घरात त्या रात्री जेवले ते एकटे भाऊजी.

अशा माणसाची जीभ निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी अडखळायला लागली. आधी 'ट' आणि 'र' गेले, मग पाणी पिताना ठसका, मग विहारात वंदनेच्या वेळी त्यांचा आवाज मागं मागं राहू लागला. हलका झटका आला असेल, असं सगळ्यांना वाटलं. बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक तरुण ताई होत्या. त्यांनी व्यायाम लावून दिले. आरशासमोर बसायचं. जीभ बाहेर काढून पाच अंक मोजेपर्यंत धरायची, मग ओठांच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न्यायची. गाल फुगवून आतली हवा इकडून तिकडे ढकलायची. चमचा आडवा धरून जिभेनं लोटायचा. ओठांचा चंबू करायचा, सोडायचा, पुन्हा करायचा. चंबूच्या वेळी मी म्हणायचो, "मंगले, समोर बस. भिंतीकडे पाहून मानूस चंबू कायले करीन?" मंगला लाजून स्वयंपाकघरात पळायची, आणि भाऊजींच्या तोंडून घशातल्या घशात हसू यायचं, लाळेसकट. ती पुसायला मांडीवर नॅपकिन असायचा. कधी ओठाच्या कोपऱ्याला मंगला मधाचा ठिपका लावायची आणि जिभेनं तो काढायचा. साठी उलटलेला माणूस त्या ठिपक्यापाशी पोचायला इतका घामाघूम व्हायचा, की मी तर सांगत सुटलो, आमचे भाऊजी बसल्या जागी मेळघाट चढतात. ही एक गोष्ट मी वाढवून सांगितली नव्हती.

ताईंनी सांगितलं होतं, कोणता व्यायाम किती वेळा केला ते लिहून ठेवा. भाऊजींना एवढ्यानं काय होतंय? त्यांनी शाळेची प्लॅस्टिकची पट्टी आणवली. खालच्या ओठाच्या कडेपासून जिभेच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये, दर आठवड्याला! तोवर बोलणं जवळजवळ थांबलं होतं, पाटीवर लिहायचे. पाटीवर लिहिलं, "मोजणी साळेसाहेब करतील. दर गुरुवारी." मंगलाचा हात थरथरतो, हे कारण. पट्टी इतकी तोंडाजवळ की स्वतःला दिसायची नाही, आणि आरशात आकडे उलटे. आकडा मी सांगायचा, वहीत ते लिहायचे. पहिला गुरुवार, अठरा. पुढे सतरा. मग चौदा...

दरम्यान मोठ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि मंगलाला बाहेर बोलावून सांगितलं की हा झटका नव्हताच. स्नायूंना हलवणाऱ्या नसाच आतून वाळत चालल्यात, आधी जीभ, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. व्यायामाचं काय, म्हणून मी ताईंकडे गेलो. त्या बिचाऱ्या माझ्या लेकीच्या वयाच्या, खाली पाहून म्हणाल्या, "काका, गेलेली ताकद आता व्यायामानं परत येणार नाही. फार दमवू नका त्यांना. थोडं हलतं राहावं, एवढंच." भाऊजींना यातलं काही सांगायचं नाही, असं आम्ही बहीणभावानं ठरवलं.

आणि पुढच्या गुरुवारी पट्टी लावली तर अकरा. भाऊजी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत, तोंड उघडं, जीभ थरथरतेय. मी म्हणालो, "पंधरा!" त्यांनी पंधरा लिहिलं. चाळीस वर्षांच्या सरावातली ही सगळ्यात सोपी थाप होती, आणि परतताना बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी तो आकडा घोकत होतो. पुढच्या आठवड्यात खरे नऊ, माझे साडेपंधरा. एकदम नाही वाढवायचं, हे मला बियाणं विकून ठाऊक होतं.

मग एका गुरुवारी गुडघ्यानं दगा दिला आणि मला जाता आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेलो, तर मंगलानं स्वयंपाकघरातच गाठलं. "दादा, तू आला नाई तं त्यायनं मलेच पट्टी देल्ली रे... मी खरं सांगितलं. सहा. मले काय मालूम तू वाढवून सांगून राहिला!" म्हटलं, "मंग? काय म्हणाले?" ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "माह्याकडे पाह्यलं, अन् वहीत सोळा लिवलं."

बाहेर गेलो. भाऊजी खुर्चीत बसले होते, पट्टी हातात तयार. माझ्या पुढे केली, तोंड उघडलं. मी वाकलो. पाच होते. पाच! मी पट्टी पुन्हा लावून पाहिली. सासऱ्यासाठी सव्वा हातातली बोटभर जागा न सोडणारा माणूस तोंड उघडून माझ्या थापेची वाट पाहत होता. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "सांगा." मी म्हणालो, "सतरा, भाऊजी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भुवई जागची हलली नाही... आजारानं नाही हलली, की त्यांनी हलवली नाही, ते मला सांगता येत नाही. वहीत सुबक अक्षरात सतरा लिहिलं. त्यांना आजाराचं सगळं माहीत होतं का? असेल. कपाटातला रिपोर्ट मोजणीदाराच्या नजरेतून सुटेल, हे शक्य नाही. पण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दर गुरुवारी मी खोटं बोलायचो आणि ते लिहून घ्यायचे; दोघांच्या हातात करण्यासारखं तेवढंच उरलं होतं. पुढे नाकातून नळी आली, जीभ दातांच्या मागेच पडून राहू लागली, पट्टी लावायला काही उरलं नाही. तरी पट्टी पुढे यायचीच. एकोणीस. साडेवीस. बावीस. शेवटच्या गुरुवारी पेन धरवेना, तेव्हा मीच लिहिलं, चोवीस. त्यांनी अंगठ्यानं वहीवर दाबल्यासारखं केलं, सही-शिक्का असावा तसं.

भाऊजी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. मला बोलायला उभं केलं. मी, ज्याला माइकवरून ओढून काढावं लागतं तो मी, दोन वाक्यं बोलून बसलो. नंतर भाऊजींच्या खात्यातले एक जुने सहकारी आत येऊन बसले. टीपॉयवरची वही त्यांनी सहज चाळली. मोजणीचीच माणसं ती, आकडे दिसले की बोट फिरतंच. पानापानाला वर वर जाणारे आकडे पाहून म्हणाले, "वयनी, म्हन्जे शेवटी शेवटी चांगला फरक पडला होता यायले?"

मी मंगलाकडे पाहिलं. तिला आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नाही. तिनं पदर सारखा केला, माझ्याकडे न पाहता.

"हाव," ती म्हणाली. "चोवीसपर्यंत गेली होती."

त्यांनी मान डोलावली आणि वही मिटून जागेवर ठेवली. अजून तिथंच आहे. गुरुवारी गेलो की मंगला तिच्यावरची धूळ पुसते आणि आम्ही दोघं चहा पितो.