दारातला चहा

"तिथेच थांब!" माझ्या उंबरठ्यावर वहिनींची चाहूल लागली की ते टेबलावरूनच ओरडत. मग बटण बंद करून दारापर्यंत जात, वहिनींच्या हातातला चहा घेत आणि "जा आता" म्हणत. बायकोला रोज असं दारातून परतवणारा नवरा तुम्ही पाहिला नसेल. मी सहा वर्षं पाहिला.

ते दिल्लीच्या द्वारकेत माझे शेजारी. सोसायटी नवी होती, मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि वीज दिवसातून चारदा जायची. हे इलेक्ट्रिकल इंजिनियर, एका इन्व्हर्टर कंपनीत. गुडगावच्या परदेशी कंपनीने दोनदा बोलावलं, गेले नाहीत. तिकडून घरी यायला उशीर झाला असता आणि यांना संध्याकाळ हवी होती.

वहिनींच्या छातीत पेसमेकर होता. त्याची बॅटरी संपत आली की कातडी कापून नवा बसवायचा. एकदा तसं झालं तेव्हा जखम चिघळली आणि त्या महिनाभर तापात होत्या. तेव्हापासून या माणसाने ध्यासच घेतला, बॅटरी कातडीवरूनच चार्ज करायची, वायरीशिवाय. पण डॉक्टरांनी वहिनींना चुंबकापासून दूर राहायला सांगितलेलं, आणि वीज सोडली की तारेची वेटोळीही चुंबकच होतात, म्हणून ती घरात नकोत. मी एकटाच राहायचो. माझी मागची खोली त्यांना दिली.

श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांवर ते तांब्याची तार गुंडाळत. दोन झाकणांच्या मध्ये, कातडी म्हणून, पपईची फोड. एका झाकणात वीज सोडली की दुसऱ्याला जोडलेला इवलासा दिवा लागायचा, पण फोड गरम व्हायची. "भाजेल यार तिला," म्हणत सगळी तार पुन्हा सोडवायचे. फोड आम्ही दोघं खायचो. पपई वहिनीच आणून देत.

"ज्याच्यापासून मला लांब ठेवता, तेच माझ्या छातीवर लावणार?" त्या दारातून विचारत.

"ते मोजूनमापून असेल गं. तू तिथेच थांब."

"थांबलेय की. आणखी किती थांबू?" आणि हसत.

ते हसू आठवलं की खोली दिल्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. त्यांच्या संध्याकाळी मी माझ्या घरात ठेवून घेतल्या.

एका रविवारी दुपारी दिवा तासभर जळत राहिला. त्यांनी फोडीवर गाल टेकवला. "गार आहे! बिल्कुल गार!" झाकणं कपाटात ठेवली, कडी लावली. "आज तिला आत बोलावतो," म्हणाले आणि चपला न घालताच गेले.

बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेलो. वहिनी खुर्चीत होत्या, मांडीवर अर्धवट निवडलेली मेथी. ते जमिनीवर बसून त्यांना हाका मारत होते. "अगं, चल ना. चल, आत ये."

नंतर डॉक्टर म्हणाले, पेसमेकर शेवटपर्यंत चालू होता, बॅटरीही बरीच शिल्लक होती. हृदयानेच साथ सोडली.

तेराव्यानंतर ते माझ्याकडे आले आणि उंबरठ्याबाहेरच उभे राहिले, वहिनी जिथे उभ्या राहत तिथेच.

"आत या ना," मी म्हटलं.

"नको. थांबतो इथेच. ती झाकणं तेवढी द्या."

मी आणून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"आता घरी ठेवली तरी चालतील," ते म्हणाले.