अनंताचा गोल कंस

उजव्या हाताचा पंजा वाटीसारखा वाकवून आमचे सर म्हणायचे, "अनंताला कोंडायचं नाय." वाकलेला पंजा म्हणजे गोल कंस. चौकोनी कंस लावला की शेवटची संख्याही आत आली. अनंत ही संख्याच नाही, तिथं कुणी पोचत नाही, म्हणून त्याच्यापुढं कायम गोल कंस. एवढं सांगायला त्यांना अख्खा तास पुरत नसे.

शहागंजातल्या त्यांच्या क्लासात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. असे सर तुम्हीही पाहिले असतील. अनंत सोडून बाकी सगळं ते कोंडत. खिडक्या बंद, समोरच्याचं तोंड बंद. "विषय संपला," म्हणायचे, तेव्हा आपण जेमतेम घसा साफ केलेला असायचा.

देवगाव रंगारीच्या एका मुलीनं परीक्षेत अनंतापुढं चौकोनी कंस लिहिला. सरांनी मार्क कापला आणि वर वर्गात उभंही केलं. त्या एका मार्कानं तिचा पहिला नंबर हुकला. पुढं कितीतरी दिवस ती डबा न उघडताच परत न्यायची.

मग प्रवेशाचे दिवस आले आणि चौकात सरांचा फ्लेक्स लागला. 'आमचे विद्यार्थी [९०, ∞]', शेजारी सरांचा हसरा फोटो. शंभराच्या पेपरात अनंत मार्क, आणि तेही चौकोनी कंसात!

मुलगी भर वर्गात म्हणाली, "सर, मंग माझा मार्क द्या की."

"छापणाऱ्याची चूक हाय. विषय संपला."

छापणारा माझ्या ओळखीचा. त्यानं गोल कंसच काढला होता, पण कंसाचं पोट फोटोतल्या सरांच्या कानाला लागत होतं. सरांनीच चौकोनी करायला लावला. मुलीनं क्लास सोडला. सर शेवटपर्यंत चुकले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. हर्सूलला त्यांच्या घरी काकूंना भेटायला गेलो, तर मागच्या अंगणात सरपणावर तोच फ्लेक्स अंथरलेला. काकू म्हणाल्या, "उतरवून आणला अन् त्याच दिवशी रंगवीत बसले. कामून, ते नाय सांगितलं."

जवळ जाऊन पाहिलं. चौकोनी कंस पुसून ऑइलपेंटनं गोल केला होता. जागा पुरली नाही, तेव्हा फोटोतला स्वतःचा कान रंगाखाली घातला होता. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

ती मुलगी आता कन्नड गावी गणित शिकवते. तिला त्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, "कान घालवला, पण मार्क नाय दिला सरांनी."