लेकीच्या हवाई दलाचा एकोणीस पानी अहवाल

माझी नोकरी नेमकी काय आहे हे सासऱ्यांना वेळेत कळलं असतं, तर त्यांनी मुलगी दिली नसती. प्लांटमध्ये काही नवं बसवायचं असलं, की त्याआधी दहा माणसांना एका खोलीत कोंडायचं आणि काय काय बिघडू शकेल याची चार-पाच दिवस यादी करायची. त्या दहाही जणांना सतत घाबरलेलं ठेवण्याचा पगार मला मिळतो. याला हॅझॉप म्हणतात. पद्धत सोपी आहे. एकेक गोष्ट घ्यायची आणि तिला ठरलेले शब्द लावत सुटायचं. प्रवाह 'नाही' झाला तर? 'जास्त' झाला तर? 'उलट' झाला तर? मग कारण, परिणाम, शिफारस असे रकाने भरायचे. सौदीतल्या अबकैक या तेलनगरीच्या आसपास गेली अठरा वर्षं मी हे रकाने भरून घेतोय, आणि एवढ्यावर माझा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, वर्षाच्या वर्षाला नवा होतो.

या कामात माझा एक नियम गाजलेला आहे. जो माणूस रोज तो व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं फिरवतो, तो ऑपरेटर खोलीत नसेल तर मीटिंग होणार नाही. एकदा ऑपरेटर सुट्टीवर गेलाय असं कळताच मी लॅपटॉप मिटला, "खलास" म्हटलं आणि दोन मॅनेजरांसकट सगळ्यांना घरी पाठवलं. हा पराक्रम मी जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा सांगितलाय, की मुलगी शाळेत होती तेव्हा माझ्या आधी तीच "खलास" म्हणून मोकळी व्हायची.

ती मुलगी आता एकवीस वर्षांची आहे. कंपनीनं मला दोन वर्षांसाठी ह्यूस्टनला धाडलं होतं तेव्हा ती तिथं जन्मली, म्हणून अमेरिकन. शाळा इथं, दम्मामला झाली. तीन वर्षांपूर्वी ती इंजिनिअरिंगला अमेरिकेत गेली, त्याच सुमारास बायको तिच्या आजारी वडिलांसाठी पुण्याला परतली, आणि तीन बेडरूमच्या घरात मी आणि राइस कुकर असे दोघंच उरलो.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, मी एअर फोर्स जॉइन करतेय."

"विमान चालवायला?"

"रिपेअर करायला. हायड्रॉलिक्स. चाकं आत-बाहेर होतात, फ्लॅप हलतात, ते सगळं. पण दोन ऑप्शन्स आहेत. पार्ट-टाइम घेतलं तर ट्रेनिंगनंतर महिन्यातला एक वीकेंड आणि वर्षातले दोन आठवडे ड्यूटी, बाकी कॉलेज चालू. फुल-टाइम घेतलं तर कॉलेज सोडायचं, सहा वर्षं, आणि ते पाठवतील तिथे जायचं. सोमवारी सांगायचंय. आय ॲम रिअली स्टक, बाबा. तू काय म्हणतोस?"

कुठल्याही शहाण्या बापानं इथं विचारलं असतं, "तू कशात अडकली आहेस?" मी म्हणालो, "मला चोवीस तास दे."

बायकोला लगेच पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, "विमानंच दुरुस्त करायची तर साध्या विमानतळावर कर म्हणावं. तिथं काय बंदी आहे? आणि नाहीच ऐकली तर निदान ते अर्धवेळवालं घ्यायला सांगा. अहो, पण भाषण देऊ नका. तिचं ऐकून घ्या आधी." यातलं 'अर्धवेळ' एवढंच मी टिपून घेतलं. मलाही तेच हवं होतं. महिन्यातून दोनच दिवस सैनिक असलेली मुलगी मला झेपण्यासारखी होती.

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मी समिती बोलावली. एक नाशिककर, आमच्याच कंपनीत मीटर आणि गेज सांभाळणारा इंजिनिअर, पस्तिशीचा. दुसरे आमचे रत्नागिरीकर. त्यांचं इथंच बाजारात टायरचं दुकान आहे. पंचवीस वर्षं इथं काढलेला माणूस, आणि माझ्या गाडीच्या टायरांवर त्यांच्या दोन मुलांची शिक्षणं झाली असावीत. भिंतीवर प्रोजेक्टर लावला. चहा, खारी, खजूर. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'कन्या: हवाई सेवा, आवृत्ती शून्य' असं लिहिलं. तेव्हाही मला लाज वाटली नाही, उलट अक्षरं जरा आणखी मोठी केली.

"साहेब, ह्यात आमचं काय काम?" रत्नागिरीकरांनी विचारलं.

"तुम्ही अनुभवी माणूस. तुमचं मत द्यायचं."

"मत देतो की. माझ्या दुकानात एक पार्ट-टाइम माणूस ठेवला होता. संध्याकाळी सहा वाजले की पाचातले तीन नट आवळून घरी. बाकीचे दोन उद्या. तुमी सांगा, अशा गाडीत बसाल?"

हे मत माझ्या सोयीचं नव्हतं, म्हणून मी ते 'इतर' या सदरात टाकलं आणि पुढं गेलो.

"झोप, 'कमी'," मी म्हणालो. "कारण: पहाटेची परेड. परिणाम?"

"चिडचिड," नाशिककर म्हणाला.

"अंतर, 'जास्त'. परिणाम?"

"भेट वर्षातून एकदा."

"आत्ता कितीदा होते?" रत्नागिरीकरांनी विचारलं.

"एकदा," मी म्हणालो.

"मग?"

मी तरीही ते लाल रंगात रंगवलं.

"विमान, 'उलट'," नाशिककरला आता रंग चढला होता. "विमान उलटं झालं तर?"

"ती चालवणार नाहीये. दुरुस्त करणार आहे."

"मग तर तिच्यावरच येणार ना सर!"

रत्नागिरीकर खारी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. "अरे, लेक त्यांची हाय. जरा जपून बोल."

तीन तास हे चाललं. पूर्णवेळच्या बाजूचे चौकोन एकामागून एक लाल होत गेले, अर्धवेळच्या बाजूचे हिरवे. आता कबूल करायला हरकत नाही, हिरवा रंग मी आधीच निवडून ठेवला होता आणि मग त्याला साजेशी कारणं शोधत होतो. प्लांटमध्ये कुणी असं केलं तर मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढतो. शेवटी एकूण एकेचाळीस शिफारशी निघाल्या. त्यातली सतरावी: रोज सकाळी व संध्याकाळी आईबाबांना मेसेज करणे. अठ्ठाविसावी: कवायत घेणाऱ्या सार्जंटचा मोबाइल नंबर बाबांकडे असावा. एकेचाळिसावी, जाड अक्षरांत: वरील सर्व पाहता अर्धवेळ सेवा घ्यावी. पाहुणे गेल्यावर मी स्पेलिंगं तपासली, उपस्थितांची यादी जोडली, पानांना नंबर दिले आणि एकोणीस पानांचा अहवाल मुलीला मेल केला. फार दिवसांनी मला आपण कामाचे बाप आहोत असं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी, तिच्याकडे सकाळ होती तेव्हा, तिचा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, हातात कॉफीचा मग, आणि समोर माझ्या अहवालाची छापील प्रत. छापून काढली म्हणजे आवडला, असा मी समज करून घेतला.

"वाचला?"

"ऑल नाइन्टीन पेजेस. बाबा, एक सांग. ऑपरेटर कोण होता?"

"कसला ऑपरेटर?"

"तूच सांगतोस ना? ऑपरेटर खोलीत नसेल तर खलास. दोन मॅनेजरांना घरी पाठवलंस. मग काल खोलीत ऑपरेटर कोण होता? टायरवाले अंकल?"

मी खोकलो. खोकला खरा नव्हता.

"आणि परिणामाचा कॉलम बघ," ती म्हणाली. "वाचते हं. बदली दूर झाली, परिणाम: बाबांना काळजी. फोन लागला नाही, परिणाम: आईला झोप नाही. सुट्टी मिळाली नाही, परिणाम: दिवाळीत बाबा एकटे. पान अकरा, परिणाम: बाबांचं बीपी. यात मी कुठंय? बाबा, यू हॅव डन अ हॅझॉप ऑन युअरसेल्फ."

मी घाईघाईनं फाइल उघडली. निदान एखाद्या ओळीत तरी ती सापडेल, या आशेनं एकोणीस पानं वरून खाली सरकवली. एका ठिकाणी होती. 'कन्येचं लग्न, उशिरा.' ते मी वाचून दाखवलं नाही.

"सोमवारी मला खरंच सांगायचंय रे," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "मला अजून कळत नाहीये. आपण परत करूया का? नीट. मी चेअर करते."

"आणि मी?"

"तू स्क्राइब."

स्क्राइब म्हणजे लेखनिक. आमच्या खोलीत सगळ्यात नव्या पोराला हे काम देतात. इतर बोलतील ते त्यानं टाइप करायचं आणि स्वतः तोंड उघडायचं नाही, कारण बोलायला लागला की लिहायचं राहतं. अठरा वर्षांत मी हे काम इतरांना देत आलो, स्वतः कधी केलं नव्हतं. मी कोरं पान उघडलं, स्क्रीन तिला दिसेल असा शेअर केला आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

ती बोलू लागली. आधी अर्धवेळ. तिच्या कॉलेजपासून अर्ध्या तासावर हवाई दलाचा एक तळ आहे, तिथं ती दोनदा जाऊन आली होती. मला हे माहीत नव्हतं. तिथली माणसं चांगली आहेत, डिग्री वेळेत पूर्ण होईल, शहर बदलायला नको. मी भराभर टाइप करत होतो; हे सगळं माझ्या एकेचाळिसाव्या शिफारशीकडेच चाललं होतं.

"पण महिन्यातून दोन दिवस हात लागणार," ती म्हणाली. "पहिला दिवस मागच्या महिन्यातलं आठवण्यातच जाईल. मला ते काम चांगलं यायला हवंय. म्हणजे, रिअली गुड."

मी एक नवी ओळ सुरू केली आणि सहज म्हणून टाइप केलं, 'तथापि डिग्रीचं महत्त्व'.

"बाबा, कर्सर दिसतोय मला."

मी ते पुसलं.

मग पूर्णवेळ. ती थांबत थांबत बोलत होती, मधेच छताकडे बघत होती. डिग्री तिथून सावकाश करता येईल, पण लोकांचं राहूनही जातं, तेही लिही. कुठं पाठवतील ते आपल्या हातात नाही. बरोबरचे सगळे अनोळखी असणार. सहा वर्षं म्हणजे ती सत्तावीसची होईल. मग ती रिकामा मग दोन्ही हातांत फिरवत बसली. मला मुद्द्याची एवढी वाक्यं सुचली होती, की दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसावं लागलं.

"पार्ट-टाइम मला का आवडतंय माहितीये?" ती शेवटी म्हणाली. "कारण त्यात मला पूर्ण हो म्हणावं लागत नाही. नाही जमलं तर, आय वॉज ओन्ली पार्ट-टाइम एनीवे. आणि फुल-टाइमची मला भीती वाटते. लिही: भीती."

मी लिहिलं, 'थोडी भीती'.

"थोडी कुणी म्हटलं?"

मी 'थोडी' पुसलं. चार-पाच वेळा बॅकस्पेस दाबायचा, एवढंच काम. पण मी ते एकेक अक्षर सावकाश घालवलं. मग पडद्यावर नुसतं 'भीती' उरलं, आणि आम्ही दोघंही ते वाचत बसलो. एकोणीस पानांत मी तिच्यासाठी कानाचे बोळे, गरम मोजे आणि सार्जंटचा नंबर मागितला होता. तिला भीती वाटत असेल, ही शक्यता मी कुठल्याच ओळीत धरली नव्हती. भीती सगळी मी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

"ओके," ती म्हणाली. "भीती वाटते म्हणून नको, एवढंच जर कारण असेल, तर मग मला फुल-टाइमच करायचंय. निर्णयाच्या कॉलममध्ये लिही. फुल-टाइम, सहा वर्षं."

मी लिहिलं. स्पेलिंग चुकलं, ती हसली, मी दुरुस्त केलं.

"आता शिफारस. एकच आहे. 'आईला सांगणे.' जबाबदारी: बाबा. मुदत: आज."

"लेखनिकाला काम नेमून देत नाहीत," मी म्हणालो. तासाभरातलं माझं पहिलं वाक्य.

"आवृत्ती एकमध्ये देतात. यल्ला, चल बाबा. मी आज तिच्याशी बोलले तर रडेन. मग ती रडेल. तू सांग आधी, मी मागून करते."

तिनं फोन ठेवला. मी उठून पाणी प्यायलो, राइस कुकर लावला, बंद केला, आणि पुण्याला फोन लावला. बायकोला सगळं सांगितलं. पूर्णवेळ, सहा वर्षं, सोमवारी सही. ती एका दमात बोलू लागली: हे कुणी डोक्यात भरवलं, कॉलेजची तीन वर्षं काय पाण्यात घालायची, आणि तुमच्याच त्या खुळचट तक्त्यांनी पोरगी बिथरली असणार. मी ऐकत होतो. बोलता बोलता ती थांबली.

"अहो, आणि तुम्ही काय म्हणालात तिला?"

"मी टाइप करत होतो."

"म्हणजे?"

"ती बोलत होती. मी लिहून घेत होतो."

"मध्ये काहीच बोलला नाहीत?"

"नाही."

"किती वेळ?"

"तास, सव्वा तास."

पलीकडे स्वयंपाकघरातला नळ वाहत होता, तो तिनं बंद केला.

"सव्वा तास तुम्ही गप्प बसलात," ती हळूच म्हणाली. "मग ती खरंच जाणार." आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता तिनं मुलीला फोन लावायला माझा फोन ठेवला.