कोपरा एक आणि क्रेन दोन

बायकोनं अट एकच घातली होती. टीव्हीच्या बाजूचा कोपरा देते, पण क्रेन एकच आणायची. दुसरी आली तर तिच्यासोबत तुमीबी बाहेर. मी तिला दोष देत नाही. आमच्याकडं पाटोद्यात दिवाणखान्यातली शोकेस म्हणजे लग्नात आलेले कप, शिंपल्यांचा गणपती आणि कुठल्यातरी पतसंस्थेनं वाटलेलं बंद घड्याळ, असा रिवाज. मी ते सगळं एकेक करून माळ्यावर चढवलं आणि तिथं लोखंडी डंपर, रोड रोलर, बुलडोझर आणि एक ग्रेडर आणून बसवला. पाहुणे येतात आणि म्हणतात, “नातवाची खेळणी लई भारी दिसत्यात.” आम्हाला नातू नाही. आधी मी समजावून सांगायचो की ही मॉडेलं हायत, खऱ्या मशीनचं अचूक माप घेऊन बनवलेली. आता “हो, नातवाचीच” म्हणतो आणि चहा सांगतो.

मी क्रेन ऑपरेटर. सगळी उमर त्यातच गेली. बाहेरच्या जिल्ह्यात हे सांगितलं तर समोरचा विचारतो, किती टनाची? आमच्या बीड जिल्ह्यात विचारतो, कुणाच्या हाराची? क्रेनचा शोध पुढाऱ्याला हार घालायलाच लागला अशी आमच्याकडं पक्की समजूत आहे. हार हातानंही घालता येतो, हे लोक विसरून गेलेत. झेंडूचा, नाहीतर सफरचंदांचा, माणसाच्या मांडीएवढा जाड आणि दुमजली घराएवढा लांब हार क्रेनच्या हुकाला टांगायचा. पुढारी गाडीच्या टपावर उभा. मी वरनं तो हार अलगद त्याच्या पुढ्यात सोडायचा. गळ्यात तर तो बसतच नाही, नुसता समोर लोंबतो. साहेब त्याला हात लावतात, फोटो निघतो, आणि साहेब पुढच्या चौकात पोचायच्या आत ज्यांनी हार घातला तेच सफरचंदं ओरबाडून पिशव्या भरतात.

आणि खुणा करायला चाळीसजण. एक म्हणतो वर, दुसरा म्हणतो खाली, तिसरा नुसताच शिट्टी मारतो, चौथा मोबाईलमध्ये बघत बघत हात हलवतो. एकदा सिरसाळ्यात अशाच गोंधळात हुक साहेबांच्या फेट्यात अडकला. कुणीतरी वर म्हणालं, मी वर घेतला. फेटा हाराबरोबर आभाळात गेला आणि साहेबांचं टक्कल त्या दिवशी पहिल्यांदा मतदारांनी पाहिलं. लोकांना वाटलं कार्यक्रमातच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यानं तर ठेका वाढवला. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. बायकोला वाटलं मला साहेबांची दया आली. दया मला माझीच आली होती.

कारण हाराच्या आधी मी दुसरं काम केलेलं होतं. आमच्या पठारावर ज्या पवनचक्क्या दिसतात, गावात ज्यांना पंखे म्हणतात, त्यातल्या कितीतरी मी उभ्या केल्यात. त्याची क्रेन वेगळी. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी, जाळीच्या लोखंडी बूमची, म्हणजे लांब हाताची, ट्रेलरमागून ट्रेलर भरून सुट्या भागांत यायची आणि जोडायलाच आठवडा जायचा. उभी राहिली की बूमचं टोक बघायला टोपी मागं सरकवावी लागे. मी तिच्या कॅबिनमध्ये बसायचो.

आणि खाली माझा खलाशी. क्रेनखाली उभा राहून हातानं खुणा करतो त्याला आमच्या धंद्यात खलाशी म्हणतात. कशाला म्हणतात देव जाणे. आमच्या भागात प्यायचं पाणी टँकरनं येतं, आणि हा खलाशी. जातीनं धनगर, घरी मेंढरं, समुद्र पाहिला तो टीव्हीवर. पण खलाश्याची भाषा त्याला पाठ होती. माल वर घ्यायचा असला की “हाबीस”, खाली सोडायचा असला की “आरिया”. इंजिनाच्या आवाजात मला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. मला दिसायचा फक्त त्याचा हात. अंगठा वर म्हणजे बूम वर, बोट गोल फिरलं की हुक वर, आणि मूठ आवळली की जिथं आहे तिथं थांब.

एकदा पात्याला हुक लावून मी अर्ध्यावर आलो आणि त्यानं मूठ आवळली. वारा नव्हता, काही नव्हतं. वरून इंजिनिअर वॉकीटॉकीवर ओरडतोय, चला, चला. मी लई चिडलो होतो, पण थांबलो. पान खाऊन थुंकायला लागतो तेवढ्या वेळात पठारावरनं असा वारा आला की टांगलेलं पातं अख्खं गरगर फिरलं. तो सोडून बाकी सगळे जमिनीवर पालथे पडले. उतरल्यावर मी विचारलं, तुला कळलं कसं? म्हणाला, “मेंढरं बसली की उस्ताद.” लांब उतारावरची मेंढरं एका बाजूला तोंड करून बसली होती. त्याच्याकडं हवामान खातं ते एवढंच होतं.

पुढं पंख्यांचं काम संपलं. मी एक जुनी हायड्रा घेतली, म्हणजे रबरी चाकांची ठेंगणी क्रेन, जी माल टांगून रस्त्यानं चालते. हाराला तीच लागते. तिला खलाशी लागत नाही, कारण चाळीस फुकट मिळतात. खलाशी परत मेंढरांकडं गेला. जाताना मी म्हणालो, काम निघालं की फोन करतो. काम तर रोजच निघत होतं.

तर कोपऱ्याचा प्रश्न एवढ्यासाठी मोठा होता. मला त्या कोपऱ्यात एक पुरावा पाहिजे होता. सोफ्यावर बसलेल्या माणसानं बघावं, विचारावं, हे काय? आणि मी म्हणावं, ह्यानं मी पंखे उभे केले. मेल्यावर लोकांनी “हारवाला गेला” असं म्हणू नये, एवढीच इच्छा. हसायचं तर हसा.

मी दोन मागवल्या. आठ दिवसांत एक परत करता येते, हे बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं. पहिली ती पट्ट्यावाली, एकास पन्नास मापाची, म्हणजे खरी पन्नास फूट तर ही एक फूट. जोडून उभी केली तर माझ्या डोक्यावर दोन हात गेली. पट्ट्याची एकेक कडी सुटी हलते, हुकाच्या कप्प्या फिरतात, बूमची जाळी तर अशी बारीक की श्वास जपून घ्यावा. भिंग लावून पाहिलं, कॅबिनमध्ये ऑपरेटर बसलेला होता. गोरा होता, पण होता. बायको म्हणाली, “स्लॅबला भोक पाडायचं का आता?” मी म्हणालो, बोटभर जागा शिल्लक हाय.

दुसरी हायड्रा, एकास पंचवीस. माप मोठं, म्हणून मशीन ठसठशीत दिसतं. बूम ताणला की निघतो, दरवाजा उघडतो, रंग थेट माझ्या हायड्राचाच. पण कप्पीला दोरी होती साध्या शिवणकामाची, आणि चाकं प्लास्टिकची. वर खोक्यात एक बोटाएवढा प्लास्टिकचा माणूस टाकलेला, डोक्यावर हेल्मेट, एक हात वर केलेला. मी तो बघितला आणि म्हणालो, खेळण्याबरोबर खेळणं. खोक्याच्या कागदातच ठेवून दिला.

निकाल उघड होता. पण मध्ये माझा भाचा आला. भाचा कार्यकर्ता आहे. म्हणजे काय करतो, ते त्याच्या आईलाही अजून कळलेलं नाही. तो म्हणाला, “मामा, गुरुवारी साहेबांचा दौरा हाय, चहाला आपल्याकडं आणतो. सोफ्यावर बसतील, मागं कोपरा. फोटोत हायड्रा आली पायजे.” आणि त्यानं खिशातनं प्लास्टिकच्या झेंडूची एक चिमुकली माळ काढून हायड्राच्या हुकाला लावली. घरनं बनवून आणली होती. कामाला म्हणून ह्या माणसाचे हात कधी उठलेले मी पाहिले नाहीत, पण माळ एकसारखी ओवली होती.

“अन् ती मोठी?” मी विचारलं.

“ती कुणाला कळायची मामा? लोक म्हणतील मोबाईलचा टॉवर हाय.”

मला राग आला तो ह्याचा की पोरगं खरं बोललं होतं. साहेब घरी येणार म्हटल्यावर कपबशा कोणत्या काढायच्या, ह्याकडं बायकोचं मन लागलेलं.

तेव्हा मी खलाश्याला फोन केला. मला सल्ला नको होता. त्यानं यावं, मोठी क्रेन बघावी, “उस्ताद, हीच ती” म्हणावं आणि भाच्याचं तोंड बंद व्हावं, एवढाच मतलब. इतक्या वर्षांनी फोन लावला तो स्वतःच्या कामासाठी. तो काहीही न विचारता दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मेंढरं त्याच्या बायकोकडं सोडून, येताना आमच्यासाठी पिशवीभर बोरं घेऊन.

आल्या आल्या तो सोफ्यावर बसला नाही. क्रेनपुढं उकिडवा बसला आणि डोकं भुईला लागेल असा खालनं बघायला लागला. मग उठून दोन चकरा मारल्या. मी वाट बघत होतो. भाचाही दारात येऊन उभा राहिलेला.

“उस्ताद, आत तुमी हाव,” तो म्हणाला.

“हाय ना,” मी म्हणालो. मला लई बरं वाटलं.

“मी कुठं हाय?”

मला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, “बूम वर हाय, हुक लोंबतोय, अन् खाली माणूसच न्हाई. कावून?” मी म्हणालो, अरे, मॉडेल असंच येतं. त्यात ऑपरेटर देतात, बाकी नाही. तो म्हणाला, “तुमीच सांगायचे की, खाली खलाशी दिसल्याबिगर लिव्हरला हात लावायचा न्हाई. मग ह्यो गोरा कुणाला बघून चालवायलाय?”

तो चिडून बोलत नव्हता. पठारावर हुकाची कडी ढिली दिसली की जसा सांगायचा, तसंच सांगत होता. भाचा हसला. मला हसू आलं नाही. एवढ्यात खलाश्याचं लक्ष हायड्राच्या खोक्याकडं गेलं. त्यानं कागदातनं तो प्लास्टिकचा माणूस काढला, अंगठ्यानं पुसला आणि नेऊन मोठ्या क्रेनच्या पट्ट्यापाशी उभा केला. चार बोटं मागं घेतला. पुन्हा थोडा डावीकडं, ऑपरेटरला दिसंल अशा जागी.

आता हे पाप होतं. मॉडेलं जमवणारा माणूस एकवेळ जेवताना चप्पल घालील, पण दोन मापं एका जागी ठेवणार नाही. माझ्या तोंडातनं निघूनच गेलं, “अरे माप चुकतंय. माणूस दुप्पट झालाय. कॅबिनपेक्षा उंच दिसायलाय.”

“दिसू द्या की उस्ताद,” तो म्हणाला, आणि चहा प्यायला बसला.

त्याच्या त्या बोलण्यानंतर मी त्याच्याकडं नीट बघू शकलो नाही. चाळीस वेड्यांच्या खुणांवर हार वर-खाली करत मी जगाला नावं ठेवत होतो. पुढाऱ्याला फक्त टपावरचा स्वतः दिसतो, हार ओवणारा दिसत नाही, हे मी प्रत्येक पारावर सांगितलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःच्या मोठेपणाचा पुरावा मी भिंग लावून तपासला, आणि त्यात काय नाही ते मला दिसलं नाही. लाज वाटली, सरळ सांगतो. त्याला म्हणालो, गुरुवारी हार हाय, खाली उभा राहशील का? म्हणाला, “मेंढरांना विचारतो.” जाताना हसला, म्हणजे येईल असं मी धरून चाललो.

साहेब चहाला आले नाहीत. दौरा बदलला, हारही पुढं गेला. भाच्यानं चिमुकली माळ काढून परत खिशात ठेवली, पुढच्या घरासाठी.

शुक्रवारी हायड्रा परत न्यायला माणूस आला. खोकं उघडून मोबाईलमधल्या यादीप्रमाणं एकेक वस्तू बघत गेला. बूम हाय, हुक हाय, दोरी हाय, कागद हाय. मग थांबला. यादी पुन्हा पाहिली, खोकं उलटं केलं.

“काका, ह्यात एक माणूस कमी हाय. तो न्हाई दिला तर मशीन परत जात न्हाई.”

मी कोपऱ्याकडं पाहिलं. तो तिथं हात वर करून उभा होता, कॅबिनपेक्षा उंच. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. एक कोपरा, एक क्रेन, ही अट तिचीच. तिनं माझ्याकडं पाहिलं, त्या प्लास्टिकच्या माणसाकडं पाहिलं, आणि माळ्यावर कपांशेजारी हायड्राला जागा करायला स्टूल ओढलं.

“कमी न्हाई,” मी त्याला म्हणालो. “कामावर हाय.”