नालीवरचा नवस

नार म्हणजे पाणी, आणि पाण्यात ज्याचे घर तो नारायण. त्या नारायणाला आधी दंडवत. मग दंडवत अमडापूरच्या गोजरबाईला, जिच्या घरात पाणी शिरले तेव्हा देवाच्या धाकाने सारी गल्ली गप्प होती आणि ती एकटी गरजत होती.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झालेले. बाजारगल्लीत नवी दगडी नाली आली. वरच्या वस्तीचे पाणी ती थेट नाल्यात नेई. गल्लीच्या उतारावर मारुतीचे देऊळ, आणि देवळाच्या जरा अलीकडे भाजीपाला विकणाऱ्या गोजरबाईचे घर. घरात नवरा पंजाबराव आणि अंथरुणाला खिळलेली सासू सरस्वतीबाई. सासू एकदा मरणाच्या दारातून परतली, तेव्हा पंजाबरावाने नवस फेडला: देवळापुढे भजन्यांना बसायला ओटा. जागा पुरेना, म्हणून ओटा नालीवरच चढवला. खाली पाण्यासाठी ठेवले एक अरुंद भोक. गोजरबाई तेव्हाही भांडली होती. ऐकतो कोण?

श्रावणातल्या एका दुपारी आभाळ फाटले. बाजाराचा पाला, पत्रावळी, चिंध्या त्या भोकात अडकल्या. कोंडलेले पाणी नालीबाहेर उसळले, गल्ली भरली, उंबरा ओलांडून सासूच्या खाटेला भिडले.

गोजरबाईने कोपऱ्यातली पहार उचलली. पंजाबराव दारात आडवा आला.

“नवसाचा ओटा हाये तो! मायच्या जिवासाठी बांधला म्या.”

“अन् तीच माय बुडून राह्यली तुमची! देवानं मांगतलं होतं काय नालीवरच बसाले?”

देवळाच्या पायरीवरून भजनी शालिग्राम ओरडला, “वहिनी, पाप लागन बरं!”

“लागू द्या भाऊजी! पाणी त लागलंच हाये!”

तेवढ्यात खाटेवरून सासूचा थरथरता आवाज आला. “पंजाब्या, माह्यासाठी बांधला ना बे? मंग माह्यासाठीच फोड!”

पंजाबरावाने बायकोच्या हातातली पहार घेऊन ओट्यावर घातली. चिरे निखळले. गोजरबाईने दोन्ही हातांनी पाला उपसला, आणि पाणी धडधडत नाल्याकडे धावले. खाटेची दोरी तेवढी कोरडी राहिली.

सांगा, भाविकहो! देवाला ओटा वाहायचा आणि पूर माणसाच्या उंबऱ्यावर सोडायचा, ही कुठली भक्ती? पाण्याची वाट अडवून कुणाचे नाव गाता?

नारायणा, तू पाण्यातच राहा, पण या उंबऱ्याबाहेर राहा. गोजरबाईची चूल कोरडी असो, सासूला सुखाची झोप लागो, पंजाबरावाचा फोडलेला नवसही तुला पोचो. आणि गोजरबाईचा तो राग, देवा, तेवढा विझू देऊ नको.