गोलकीपरच्या बदल्यात रविवारचा तास

माझ्या नवऱ्याला दोन विषयांवर बोलायला लावू नये. एक मोशीच्या चौकातलं ट्रॅफिक आणि दुसरा फुटबॉलमधले खेळाडूंचे सौदे. ट्रॅफिकवर तो नुसता चिडतो. सौद्यांवर मात्र रंगात येतो. युरोपातल्या कुठल्या क्लबने कुणाला केवढ्याला घेतलं आणि पेपरात आलेला आकडा कसा खरा नसतो, हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे, बहुतेक वेळा भाजी निवडता निवडता.

त्याचं म्हणणं मला कळायला कधी जड गेलं नाही, कारण मी निघोज्याच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. दुसऱ्या कंपनीतला माणूस घाईने हवा असेल तर त्याच्या नोटीस पिरियडची भरपाई आम्हाला करावी लागते. नोटीस संपत आली असेल तर थोडं थांबलं की तो आपोआप मोकळा होतो. फुटबॉलमध्येही तेच. करार लांबचा असला की जुना क्लब अडून बसतो, संपत आला की नरमतो, आणि संपला की खेळाडू फुकट. आता फुकट म्हणजे काही फुकट नसतं. जुन्या क्लबला द्यायचं जे वाचतं, ते खेळाडू स्वतः मागून घेतो. पगारात, सोयींत, बायकापोरांच्या व्यवस्थेत. तो खर्च मग करार असेल तितकी वर्षं चालू राहतो. हे सगळं नवऱ्याला तोंडपाठ होतं. फक्त स्वतःवर वेळ आली तेव्हा नेमकं विसरला.

आमच्या सोसायटीची टीम दर डिसेंबरात आसपासच्या सोसायट्यांच्या स्पर्धेत उतरते आणि लवकर घरी येते. निवड, सराव, सगळं नवऱ्याकडे. हरण्याचं खापर फुटायचं ते गोलकीपरवर. गोलकीपर म्हणजे आमचे सेक्रेटरी. माणूस इतका सज्जन की बॉललासुद्धा अडवायला त्यांना संकोच वाटतो. स्पर्धेच्या नियमात एक बाहेरचा खेळाडू घेता येतो, आणि चऱ्होलीच्या एका सोसायटीकडे असा एक गोलकीपर होता. मूळचा परभणीकडचा, निघोज्यात पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला, चऱ्होलीतच भाड्याने राहणारा. चपळ म्हणजे किती, तर आमच्या टीमने गेल्या वर्षी त्याच्यावर मारलेला एकही बॉल आत गेला नव्हता. चऱ्होलीवाल्यांनी त्याला बूट आणि हातमोजे घेऊन दिले होते, आणि त्या बदल्यात त्याने दिवाळीपर्यंत त्यांच्याकडून खेळायचा शब्द दिला होता.

गणपती गेले त्या आठवड्यात नवरा घरी आला तो हसतच. "झालं काम! आत्ताच सोडतायत त्याला."

"बदल्यात काय?"

"काही नाही गं. टर्फवरचा उरलेला वेळ."

इथे टर्फबद्दल सांगायला हवं. चऱ्होलीच्या रस्त्यावरच्या टर्फवर, म्हणजे तासावर भाड्याने मिळणाऱ्या खोट्या हिरवळीच्या मैदानावर, रविवारी सकाळी सहा ते आठ हा स्लॉट आमच्या सोसायटीचा. त्यासाठी लोक टपून असतात, कारण नंतर ऊन तापतं आणि आधी कुणाला उठवत नाही. सहा ते सात पुरुष खेळतात. सात ते आठ आम्ही बायका.

आमचं खेळणं संक्रांतीच्या हळदीकुंकवात ठरलं. तिळगूळ खाता खाता कुणीतरी म्हणालं की पुरुष सातला दमतात आणि पुढचा तास टर्फ रिकामं पडतं, मग आपण का जाऊ नये? पहिल्या रविवारी आम्ही नऊ जणी ओढण्या कमरेला बांधून गेलो आणि खेळलो कमी, हसलो जास्त. पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या पायाला पहिल्यांदा बॉल लागला, तोही भलतीकडेच गेला. पण त्या तासात मला कुणी डबा विचारत नाही, रजेचा अर्ज पुढे करत नाही, गॅस बंद केला का असं विचारत नाही. मी धापा टाकत पळते आणि मला फार आवडतं. आठवड्यातली ही एकच गोष्ट मी स्वतःसाठी करते.

आणि तो तास नवऱ्याच्या लेखी उरलेला वेळ होता.

माझं डोकंच फिरलं. "गोलकीपर तुमचा, आणि त्याची किंमत आम्ही मोजायची? सहा ते सात का नाही दिलात?"

"अगं, सहा ते सात आमची प्रॅक्टिस असते ना!" हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की मला राग यायच्या ऐवजी रडूच आलं. मग तो गडबडला. अजून पक्कं झालेलं नाही, रविवारपर्यंत कळवायचंय, असं सांगायला लागला.

"मग कळवू नकोस. दिवाळीला दीड महिना उरलाय. थांब. तो मोकळा होईल."

"आणि तोवर दुसऱ्या सोसायटीने त्याला उचललं तर?"

"तुम्ही कुणी त्याला विचारलंय का, त्याला काय हवंय?"

नवरा दचकलाच. जुन्या क्लबला न सांगता खेळाडूशी परस्पर बोलणं हा फुटबॉलमध्ये म्हणे मोठा गुन्हा. मी म्हटलं, एचआरमध्ये हे आमचं रोजचं काम आहे. नंबर दे.

दोन दिवसांनी पहिली शिफ्ट सुटल्यावर तो आमच्या कंपनीसमोरच्या टपरीवर आला. लांब हातांचा, लाजरा माणूस. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभा राहिला. चऱ्होलीवाल्यांना दिलेला शब्द मोडायला मी सांगणार नाही, फक्त दिवाळीनंतरचं विचारतेय, असं मी आधीच सांगून टाकलं.

"मॅडम, सगळे मलाच मागायलेत," तो म्हणाला, "पन मला कुनी इचारलंच न्हाई बघा."

"मी विचारते. काय हवं तुम्हाला?"

चहा संपवून ग्लास टपरीवर ठेवला आणि म्हणाला, "मला काय नको. आमच्या घरच्यांचं बघा. गावाकडं लई खोखो खेळायच्या. इथं आल्यापासून खोलीत बसून ऱ्हायल्यात, वळखीचं कुनी न्हाई. तुमच्यात बायका खेळतेत म्हनं रविवारी. तिथं घेता का त्यांना? आन मला रविवारी सातला ओव्हरटाइमला निघावं लागतंय, तवा पोरीला कुनीतरी सांभाळाय पायजे, तासभर."

मला हसू आवरेना. ज्या तासाच्या बदल्यात हे लोक त्याला आणणार होते, त्याला नेमका तोच तास हवा होता. तो तास विकला असता तर त्याला आमच्याकडे यायला कारणच उरलं नसतं.

घरी आल्यावर हे सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं. मग उठून त्याने चऱ्होलीच्या कॅप्टनला फोन लावला. "नाही जमणार, राव. थांबतो आम्ही दिवाळीपर्यंत." पुढचा दीड महिना तो धास्तावलेलाच होता. पण गोलकीपर शब्दाचा पक्का निघाला. दिवाळीपर्यंत तिकडे खेळला आणि भाऊबीज झाल्यावर इकडे आला.

स्पर्धेत आम्ही सेमीफायनलला गेलो आणि तिथे हरलो. सेक्रेटरी बाहेर बसून इतक्या जोरात ओरडले की त्यांना गोलकीपर का केलं होतं हेच कळेना. पण माझ्या लक्षात राहिला तो स्पर्धेनंतरचा एक रविवार.

थंडी होती. सात वाजले, पुरुष बाहेर आले, गोलकीपर गाडीला किक मारून कंपनीत गेला. त्याच्या बायकोने चपला काढल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत आम्हा सगळ्यांना पळवून पळवून दमवलं. माझा नवरा जाळीपलीकडे, मांडीवर तिची तीन वर्षांची पोरगी. तिने त्याचा चष्मा काढून घेतला होता, आणि तो तिला बिस्किट भरवत होता. दर रविवारी सात ते आठ हे त्याचं काम. करारातच आहे ते.

तेवढ्यात चऱ्होलीचा कॅप्टन त्याच्याशेजारी येऊन बसला. त्याचा आवाज मोठा, मला आतपर्यंत ऐकू आला. "भाऊ, हा सात ते आठ आम्हाला द्या. आमचा स्ट्रायकर घेऊन जा. चालेल?"

स्ट्रायकर! आमच्या टीमला गोलकीपरच्या खालोखाल कशाची गरज असेल तर ती गोल मारणाऱ्या स्ट्रायकरचीच. मी पळता पळता थांबले.

नवऱ्याने पोरीच्या हातातून चष्मा सोडवला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बोट केलं. "तो तास माझा नाही, राव. तिचा आहे. तिला विचारा."

"ताई, ध्यान कुठं हाय?" गोलकीपरची बायको ओरडली. बॉल माझ्या पायाजवळून गेला, समोरच्यांनी गोल केला, आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.